येतंय का?

वासरांचा मोसम तोंडावर आला की ऑस्बर्गच्या आसपासच्या गुरेवाल्यांना एकदम आपापल्या गाड्यांची आठवण होते. वर्षभर ज्या पिकअपकडे कोणी ढुंकून बघत नाही, तिचं तेल, तिचे ब्रेक, तिचे टायर यांची काळजी फेब्रुवारीच्या शेवटी उफाळून येते आणि डेल्मर ह्रुस्काच्या पत्र्याच्या शेडपुढे रांग लागते. लवकर या म्हणून डेल्मर कोणाला सांगत नाही. सांगून कोणी ऐकणार नाही, हे त्याला ठाऊक आहे.

त्या मुलखात जमीन म्हणजे वाळू. टेकडीमागे टेकडी, सगळी वाळूची, वर गवताची पातळ साय. गवत खरवडलं गेलं की खाली नुसती वाळू, हिवाळ्यात तिच्यावर बर्फ आणि मार्चमध्ये दोन्हींचा मिळून चिखल. अशा जागी गाडीची मागची दोन्ही चाकं मिळून ओढणार की नाहीत, यावर माणसाचा दिवस ठरतो. साध्या गाडीला एक खोड असते. एक चाक घसरायला लागलं की इंजिनाचा सगळा जोर त्या घसरणाऱ्या चाकाकडेच जातो आणि घट्ट जमिनीवरचं दुसरं चाक नुसतं बघत बसतं. ही खोड मोडायला मागच्या ॲक्सलच्या मधल्या गोळ्यात क्लचच्या प्लेटा बसवतात. त्या दोन्ही चाकांना एकमेकांशी बांधून ठेवतात. पुस्तकात या जोडणीला लांबलचक नाव आहे. तिकडे सगळे पॉझी म्हणतात.

पॉझी जिवंत आहे की मेली, हे बघायची रीत सोपी आहे. मागची दोन्ही चाकं अधांतरी होतील अशी गाडी स्टँडवर चढवायची, गिअर न्यूट्रलला टाकायचा आणि डावं चाक हाताने पुढे फिरवायचं. उजवंही पुढे आलं तर पॉझी ठीक. उलटं गेलं तर प्लेटा झिजल्या. तिसरं उत्तर नसतं. अडचण एवढीच, की डाव्या चाकाशी बसलेल्याला मध्ये टाकी आणि सायलेन्सर आल्यामुळे उजवं चाक दिसत नाही.

म्हणून डाव्या बाजूला डेल्मर आणि उजव्या बाजूला त्याचा मेहुणा ऑरविल, असं वर्षानुवर्षं चालत आलं होतं. ऑरविलचं गुरांचं रान गावाच्या उत्तरेला होतं, पण गाड्यांच्या मोसमात तो दुपारी शेडमध्ये हटकून हजर. मदतीला म्हणून यायचा आणि बराच वेळ कॉफी पीत गप्पा हाणायचा. चाक फिरवायची वेळ आली की मात्र निमूटपणे उजवीकडे गुडघे टेकून बसायचा.

"येतंय का?" डेल्मर चाक फिरवता फिरवता विचारायचा.

"येतंय!" पलीकडून ऑरविल.

किंवा मग, "उलटं जातंय रे बाबा, हिचे दिवस भरले!"

उत्तर आलं की चाक सोडायचं. उत्तर येईपर्यंत नाही. हा नियम ऑरविलचा. विचारलंय तर ऐकून घ्यावं, मध्येच हात काढणारा माणूस घरी बायकोचंही ऐकत नसणार, असं त्याचं म्हणणं. आणि नियम करणाराच थट्टेखोर. कधी कधी तो काही बोलायचाच नाही, उजवं चाक दोन्ही हातांनी गच्च धरून बसायचा. डेल्मर इकडे घाम गाळतोय आणि पलीकडून हूं नाही की चूं नाही. पण धरलेलं चाक हाताला कळतं. अडकलेला ब्रेक दगडासारखा असतो. माणसाने धरलेलं चाक किंचित सुटतं आणि पुन्हा घट्ट होतं, कारण माणूस पकड बदलतो.

"सोड रे, ऑरविल."

"मी कुठे काय केलंय? तुझं वय झालं, डेल."

"दोघांचंही झालंय," शेडच्या दारात डबा घेऊन उभी असलेली लव्हॉन म्हणायची. लव्हॉन म्हणजे डेल्मरची धाकटी बहीण आणि ऑरविलची बायको.

ऑरविल गेल्या वर्षी जानेवारीत गेला. एकटाच गुरांना गवत टाकायला निघाला होता. तिकडे एकट्या माणसाने गवत टाकायची पद्धत अशी, की गाडी पहिल्या गिअरमध्ये सोडायची, स्टिअरिंग दोरीने बांधायचं आणि आपण मागच्या फळीवर चढायचं. गाडी मुंगीच्या पावलाने आपली आपण चालत राहते, माणूस मागून गवत खाली लोटतो, गाई रांगेने मागे येतात. त्या दिवशी वादळ अंदाजाआधी आलं. पवनचक्कीपलीकडच्या खळग्यात गाडी रुतली आणि उजवं चाक बर्फात नुसतंच फिरत राहिलं. दुसऱ्या दिवशी तो सापडला तेव्हा उजव्या मागच्या चाकाशी गुडघे टेकून बसलेला होता. हातमोजे काढलेले, दोन्ही पंजे टायरवर. डिझेल संपून इंजिन कधीच बंद पडलं होतं.

वाऱ्याला आडोसा म्हणून बसला असेल, असं शेरीफ म्हणाला. थंडीने बुद्धी चळते, माणसं हातमोजे काढून टाकतात, असंही म्हणाला. डेल्मरला वेगळंच वाटलं, पण त्याने ते कोणाला बोलून दाखवलं नाही. घसरणारं चाक धरून ठेवलं तर जोर दुसऱ्या चाकाकडे जातो आणि गाडी निघते. पहिल्या गिअरमध्ये इंजिन मंद असताना चाक इतकं हळू फिरतं, की एखादा वेडा ते हाताने धरायला जाईल. ऑरविल वेडा नव्हता. पण त्या थंडीत, एकट्याला, दुसरं काय सुचणार होतं? डेल्मरला त्याचं फार वाईट वाटलं. पुढे कितीतरी दिवस जेवताना मध्येच ते दोन पंजे त्याच्या डोळ्यांपुढे येत.

या वर्षी तीच गाडी घेऊन लव्हॉन आली.

"बघ बाबा हिला," किल्ली गाडीतच ठेवून उतरत ती म्हणाली. "रॉन्डाने अट घातलीय."

रॉन्डा तिची मुलगी. लिंकन शहरात असते, दवाखान्यात नोकरी करते.

"कसली अट?"

"गाडी धड असेल तर हा मोसम कर, म्हणाली. नसेल, किंवा एकदा जरी कुठे रुतलीस, तर गाई विकायच्या आणि माझ्याकडे राहायला यायचं. आणि गाडी धड आहे की नाही ते मामा सांगेल, तू नाही."

"म्हणजे आलं माझ्या गळ्यात."

"मामा खोटं बोलत नाही, म्हणे. मी म्हटलं, पोरी, तुला तुझा मामा माहीत नाही."

"लिंकनला काय वाईट आहे गं?"

"तिसरा मजला आहे. खिडकीतून दुसऱ्याची खिडकी दिसते. मी तिथे वर्षाच्या आत मरेन, डेल. आणि मेल्यावर लिफ्टने खाली यावं लागेल."

डेल्मर हसला. तिने जावं असं त्याला मुळीच वाटत नव्हतं. उरलेलं एकच माणूस होतं ते. पण तिने त्या रानात एकटीने गवत टाकत फिरावं, तेही ऑरविलच्याच गाडीतून, हेही त्याला सहन होत नव्हतं. निदान गाडी काय म्हणते ते खरं खरं सांगता येईल, एवढ्यावर त्याने समाधान मानलं.

"हिवाळ्यात कशी चालली?"

"छान."

"रुतली कुठे?"

"एकदाही नाही."

"खळग्यात?"

"खळग्यातूनच तर जाते रोज," ती म्हणाली आणि घरी पोचवायला आलेल्या शेजारणीच्या गाडीकडे निघाली. शेडचं दार ऑरविलच्या गाडीच्या उजव्या अंगाला होतं. लव्हॉन डावीकडून, सगळा वळसा घालून गेली.

डेल्मरने गाडी स्टँडवर चढवली. आता पलीकडे बसायला कोणी नसल्यामुळे त्याने दोन्ही टायरांवर खडूने वरच्या बाजूला रेघ ओढली. डावं चाक फिरवायचं, मग उठून उजवीकडे जायचं आणि रेघ कुठे गेली ते बघायचं. एकट्या माणसाला एवढं पुरतं. त्याने डावं चाक अर्धा फेरा पुढे फिरवलं, गुडघ्यावर हात टेकून उठला, वळसा घालून गेला.

उजव्या टायरवरची रेघ जिथल्या तिथे होती.

पुढे आली नव्हती, मागेही गेली नव्हती. डेल्मर थोडा वेळ तिच्याकडे बघत राहिला. ब्रेक धरला असणार, दुसरं काय. त्याने उजवं चाक काढलं, ब्रेकचा ड्रम काढला. आत सगळं स्वच्छ होतं, ब्रेकचे शू ड्रमपासून सुटे होते. ड्रम आणि चाक परत चढवून त्याने उजवं चाक एका बोटाने ढकललं. ते लोण्यातून फिरावं तसं फिरलं. रेघ पुन्हा वर आणून तो डावीकडे येऊन बसला आणि चाक फिरवायला लागला.

या वेळी त्याने हाताकडे लक्ष दिलं. डावं चाक फिरत होतं, त्याच्याबरोबर इंजिनाकडून मागे येणारा लांब दांडा फिरत होता, म्हणजे उजवं थांबलेलं होतं. हे गणिताने बरोबर होतं. पण फिरवता फिरवता ते किंचित सैल पडलं आणि पुन्हा घट्ट झालं.

"सोड रे," असं डेल्मरच्या तोंडून निघून गेलं. शेडमध्ये शेगडीचा पंखा तेवढा घरघरत होता. आपणच आपल्याला ऐकलं याची त्याला लाज वाटली आणि तो उठून कॉफी प्यायला.

मग त्याने दुसरी तपासणी केली. उजवं चाक जमिनीवर टेकवलं, डावं हवेत ठेवलं आणि डाव्याच्या नटाला टॉर्कचा पाना लावला. पॉझी धड असेल तर पाना चांगला जोर मागतो. पान्याचा काटा जेमतेम हलला. प्लेटा मेलेल्या होत्या. डेल्मरने मागचं झाकण उघडलं तेव्हा गिअर ऑईलचा तो कुजका, गंधकाचा वास शेडभर सुटला. हा वास कपड्यांतून कधी जात नाही. ऑरविलच्या कोटाला तो कायमचा होता आणि लव्हॉन तो कोट जेवणघरात आणू द्यायची नाही. तेल डांबरासारखं काळं होतं, त्यात धातूची चमचमती पूड. प्लेटा त्याने कापडाने पुसून खिडकीशी धरल्या. ज्यांच्यावर बोट खरखरीत लागायला हवं, त्या पार गुळगुळीत झाल्या होत्या. त्यांच्यावर त्याला स्वतःचा चेहरा अंधुक दिसत होता.

अशा प्लेटांची गाडी खळग्यात गेली तर तिथेच राहील. आणि लव्हॉन रोज तिथून जात होती.

हे सगळं चमत्कारिक होतं खरं, पण डेल्मरला प्लेटा हातात धरल्यावर बरं वाटलं. झिजलेली वस्तू होती, ती बदलता येत होती. त्याने नव्या प्लेटा तेलात भिजवून बसवल्या, झाकण लावलं, नवं तेल भरलं, त्यात प्लेटा करकरू नयेत म्हणून घालायच्या औषधाची बाटली रिकामी केली. तिला माशाचा वास येतो म्हणून ऑरविल ती कधी घालू द्यायचा नाही आणि मग त्याची गाडी प्रत्येक वळणावर कण्हायची. जुन्या प्लेटा डेल्मरने कॉफीच्या रिकाम्या डब्यात टाकल्या. तो काहीच फेकून देत नाही. नव्या प्लेटांना तेल मुरवायला गाडी सावकाश इंग्रजी आठाच्या आकड्यात फिरवावी लागते. गुरांच्या बाजारामागच्या मोकळ्या मैदानात त्याने ती फिरवली, पुन्हा पुन्हा फिरवली. गाडी कण्हली नाही. शेडमध्ये परत आणून त्याने पुन्हा खडूच्या रेघा काढल्या. डावं पुढे, उजवं पुढे. पान्याने पुरता जोर मागितला. यंत्र ते यंत्र, असं म्हणून डेल्मरने हात धुतले. त्याच्या जिवात जीव आला होता.

"गाडी धड आहे," त्याने रॉन्डाला फोनवर सांगितलं. "नव्यासारखी."

"नक्की ना, मामा?"

"मी स्वतः केलीय."

मार्च लागल्यावर एकदा बर्फ पडून गेलं आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच लव्हॉनचा फोन आला. टेकडीवर चढून केला असणार, कारण खाली खळग्यात फोन लागत नाही. वाऱ्यात तिचा आवाज तुटत होता.

"डेल, ये. आणि रॉन्डाला कळवू नकोस."

पवनचक्कीपलीकडे गाडी चढाकडे तोंड करून उभी होती. मागे गवताचा अर्धा गठ्ठा, आणि गाई गाडीभोवती गोळा होऊन गवत ओढून खात होत्या. डेल्मर उतरून मागे गेला. दोन्ही चाकांखाली सारखे खड्डे पडले होते, सारख्या खोलीचे. दोन्हीकडे बर्फाखालची पिवळी वाळू उपसून आली होती. त्याचं काम चोख होतं. दोन्ही चाकं मिळून ओढत होती, आणि त्या चढावर दोन्ही मिळून घसरली होती. असं होतं. पॉझी असली तरी होतं.

लव्हॉन गाडीत बसून होती. तिने काच खाली केली.

"टायरांना साखळ्या का नाही लावल्यास?" डेल्मरने विचारलं.

"गेल्या महिन्यात लागल्या नव्हत्या."

"गेल्या महिन्यात तुझ्या प्लेटा मेलेल्या होत्या, लव्हॉन. मी बघितल्यात. ही गाडी या खळग्यातून निघायलाच नको होती. कशी निघत होती, मला कळत नाही."

"तुला कळतंय," ती म्हणाली.

पवनचक्कीचं पातं वाऱ्यावर थोडं फिरायचं, अडखळायचं, पुन्हा फिरायचं.

"तो धरायचा," लव्हॉन म्हणाली. तिचा आवाज साधा होता, दूध संपलंय असं सांगावं तसा. "तू नव्या बसवल्यास. आता चाक आपलं आपण येतं. त्याला धरायला काही उरलंच नाही."

"तुला दुःख झालंय गं. इतक्या वर्षांचा संसार."

"झालंच आहे. त्याचा याच्याशी काय संबंध? मी मागे उभी असते ना गवत टाकत. पुढे कोणी नसतं. गाडी घसरली की उजवीकडून विचारतो."

"काय विचारतो?"

"काय म्हणजे? तुम्ही दोघं जन्मभर जे ओरडत होतात ते."

"बघितलंस तू त्याला?"

"मी खाली बघत नाही. बघायचं कशाला?"

"मग तू काय म्हणतेस?"

लव्हॉनने स्टिअरिंगवरची दोरी उगाच घट्ट केली. "काही नाही. मी उत्तर देत नाही, डेल. उत्तर दिलं की सोडेल ना. नियम त्याचाच आहे."

एक गाय डेल्मरच्या कोपराला नाक घासून पुढे गेली.

"जुन्या प्लेटा टाकून दिल्यास?" तिने विचारलं.

"डब्यात आहेत."

"बसव परत."

"अगं, वेड लागलंय का तुला? दिवस भरलेल्या गाई आहेत तुझ्याकडे. अशी गाडी मी शत्रूलाही देणार नाही."

"आज रुतले ते रॉन्डाला कळलं तर मला लिंकनला जावं लागेल. पुन्हा रुतले तर ती विचारणारच नाही, येऊन घेऊनच जाईल. बसव, डेल. मी तुझ्याकडे आजवर काही मागितलं नाही."

हे खरं नव्हतं, लहानपणापासून ती सारखी काही ना काही मागत आली होती. पण डेल्मरने वाद घातला नाही. आपल्या गाडीला साखळीने बांधून त्याने ती ओढून काढली आणि वाटेत मनाशी ठरवलं. बसवून दाखवायच्या. चाक उलटं जाईल, ते तिला डोळ्यांनी दाखवायचं, मग रॉन्डाला फोन करून खरं सांगायचं. लव्हॉन रडेल, चिडेल आणि लिंकनला जाऊन चार वर्षं जास्त जगेल. भावाने याहून वेगळं काय करायचं असतं?

दुपारी तो कामाला लागला. लव्हॉन शेडच्या मागच्या खोलीत होती. तिने येताना राजम्याची चिली आणि दालचिनीचे रोल आणले होते आणि आता पातेलं छोट्या शेगडीवर गरम करत होती. तेल काढताना डेल्मरला माशाचा वास आला. चांगल्या, कोऱ्या प्लेटा उपसून त्याने फडक्यावर ठेवल्या आणि डब्यातल्या गुळगुळीत प्लेटा त्यांच्या जागी बसवल्या. उभ्या आयुष्यात त्याने असं उफराटं काम केलं नव्हतं. झाकण लावलं, तेल भरलं, दोन्ही टायरांवर खडूची रेघ ओढली.

तो डावीकडे गुडघे टेकून बसला आणि चाक पुढे फिरवलं.

उजवं चाक फिरल्याचा आवाज आला. मोकळं, सैल, कोणाच्याही हातात नसलेलं. डेल्मरने वाकून इंजिनाकडच्या लांब दांड्याकडे बघितलं. दांडा स्थिर होता. म्हणजे उजवं उलटं गेलं होतं, मेलेल्या पॉझीत जातं तसं. त्याने पुन्हा फिरवलं. पुन्हा तेच.

संपलं, त्याला वाटलं. त्याला हायसं वाटलं. त्याने चाकावरून हात काढले आणि फडक्याला पुसले.

मग डावं चाक मागे सरकलं.

वीतभर. आणि थांबलं.

डेल्मरने गिअर न्यूट्रलला आहे ना ते इथूनच मनात तपासलं. होता. इंजिन बंद होतं. किल्ली त्याच्या खिशात होती.

चाक पुन्हा मागे सरकलं. सावकाश, अर्धा फेरा. थांबलं.

प्लेटा मेलेल्या असल्या की डावं चाक मागे येतं ते एकाच कारणाने. उजवं कोणीतरी पुढे फिरवतं तेव्हा.

फिरवायचं, थांबायचं. फिरवायचं, थांबायचं. ती थांबायची लय डेल्मरला ओळखीची होती. पलीकडून उत्तर यावं म्हणून माणूस जेवढा थांबतो, तेवढीच.

उत्तर सोपं होतं. उलटं जातंय रे बाबा, हिचे दिवस भरले. ते त्याच्या जिभेवर आलंही. ऑरविलला विचारत ठेवून तो आजवर कधी उठला नव्हता. ते दोन पंजे त्याच्या डोळ्यांपुढे आले. दोन शब्दांनी ते टायरवरून सुटले असते.

त्याने तोंड उघडलं.

मागच्या खोलीच्या दारात लव्हॉन उभी होती. हातात डाव. ती चाकाकडे बघत नव्हती. ती डेल्मरच्या तोंडाकडे बघत होती, आणि तिने मान हलवली. नाही.

चाक थांबलं होतं. वाट बघत होतं.

डेल्मरने तोंड मिटलं.

तो उठला. गुडघे दुखत होते. गाडीला डावीकडून वळसा घालून तो भिंतीशी हत्यारांच्या टेबलापाशी गेला, फोन उचलला आणि रॉन्डाचा नंबर लावला. त्याच्या पाठीमागे टायरचं रबर हळूच कुरकुरलं, थांबलं, पुन्हा कुरकुरलं.

"गाडी मी पुन्हा बघितली," तो म्हणाला. "धड आहे. राहू दे तुझ्या आईला मोसमभर."

"बरं झालं, मामा. मला फार काळजी होती," रॉन्डा म्हणाली. मग जरा थांबून, "तिकडे कोण आहे? सारखं सारखं काय विचारतंय?"

डेल्मरला काहीच ऐकू येत नव्हतं.

"रेडिओ आहे," तो म्हणाला, आणि हात लांब करून त्याने रेडिओ लावला.